जावामध्ये टक्केवारी दाखवताना एकाच संख्येची दोन उत्तरे का येतात?

अर्धविराम (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेले दोन दिवस जावा या प्रोग्रामिंग भाषेतल्या एका छोट्या दिसणाऱ्या गोष्टीत अडकलो आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

आमच्याकडे रोज रात्री बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करणे) झाल्यावर स्वयंचलित चाचण्या चालतात आणि किती चाचण्या यशस्वी झाल्या याची टक्केवारी दोन ठिकाणी दिसते: एक अंतर्गत वेबपानावर आणि दुसरी सकाळी सगळ्यांना जाणाऱ्या ईमेलमध्ये. परवा एका लहान मोड्यूलच्या ८ चाचण्या चालल्या, त्यांपैकी ७ यशस्वी झाल्या आणि १ फसली. वेबपानावर ‘यशस्वी ८८%, अयशस्वी १२%’ असे आले, तर ईमेलमध्ये ‘यशस्वी ८८%, अयशस्वी १३%’. एका सहकाऱ्याने ईमेलमधली बेरीज १०१ होते हे लक्षात आणून दिले आणि दोन्हींपैकी खरा आकडा कोणता, असे विचारले. मला उत्तर देता आले नाही.

कोड पाहिला. वेबपान नंबरफॉरमॅट क्लासच्या गेटपर्सेंटइन्स्टन्स या मेथडकडून (कोडचा नाव दिलेला तुकडा) फॉरमॅटर, म्हणजे संख्येचा दाखवण्याजोगा मजकूर करणारे साधन, घेते आणि त्याला गुणोत्तर तसेच देते. ईमेल तयार करणारा कोड गुणोत्तराला १०० ने गुणतो आणि स्ट्रिंग.फॉरमॅट वापरून शून्य दशांश स्थळांसह छापतो, व शेवटी दोन टक्केचिन्हे लावतो, म्हणजे त्यांतले एक प्रत्यक्ष छापले जाते. दोन्हीकडे डेटाबेसमधून येणारी संख्या एकच आहे. डीबगरमध्ये थांबवून पाहिले तेव्हा दोन्ही ठिकाणी ०.१२५ हीच होती.

यांतला कोणता कोड चुकतो आहे? आता दोन्हींसाठी एकच सामायिक मेथड लिहायची आहे, तेव्हा टक्केवारीच्या बाबतीत आणखी कुठे पाय घसरतो हेही अनुभवी मंडळींनी सांगितले तर फार उपकार होतील.

शेषभाग

दोन्ही कोड आपापल्या नियमाप्रमाणे बरोबर आहेत, आणि म्हणूनच ही चूक सापडायला वेळ लागतो.

नंबरफॉरमॅट आणि त्याचा नेहमीचा अवतार असलेला डेसिमलफॉरमॅट, दोघेही सांगितले नसेल तर ‘हाफ इव्हन’ हा नियम वापरतात, म्हणजे संख्या दोन पूर्णांकांच्या बरोबर मध्यावर असेल तर ती जवळच्या सम संख्येकडे जाते. १२.५ चे १२ होतात आणि ८७.५ चे ८८. स्ट्रिंग.फॉरमॅटच्या मागे फॉरमॅटर नावाचा जो क्लास आहे तो मात्र ‘हाफ अप’ पाळतो, आपण शाळेत शिकलो तसा: अर्धा आला की वर. तिथे १२.५ चे १३ होतात आणि ८७.५ चे ८८ च राहतात.

आता तुमच्याकडे हे इतके स्वच्छ का दिसले ते पाहा. आठवा भाग ही संख्या फक्त ० आणि १ वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत तंतोतंत मांडता येते, त्यामुळे ०.१२५ ला १०० ने गुणल्यावर खरोखरच १२.५ येतात, त्यात कणभरही चूक नसते, आणि म्हणून ‘बरोबर मध्य’ हा प्रसंग प्रत्यक्ष उद्भवतो. ३/८ आणि ५/८ घेऊन पाहा. वेबपान ३८% आणि ६२% दाखवेल, तर ईमेल ३८% आणि ६३%.

वेबपानाची बेरीज दोन्ही वेळा १०० येणे हा योगायोग नाही. एकूण दोनच भाग असतील आणि दोन्ही मध्यावर असतील, तर त्यांच्या पूर्णांक भागांची बेरीज नेहमी ९९ असते, म्हणजे त्यांतला एक सम आणि दुसरा विषम असतो. हाफ इव्हनमध्ये सम असलेला खाली जातो, विषम असलेला वर जातो आणि बेरीज १०० वर बसते. हाफ अपमध्ये दोघेही वर जातात आणि बेरीज हटकून १०१ होते. तीन भाग झाले की मात्र ही हमी संपते, कारण तीन समान भागांचे ३३, ३३ आणि ३३ मिळून ९९ च होतात, मग नियम कोणताही असो.

उपाय सोपा आहे. जावा ६ पासून नंबरफॉरमॅटवर सेटराउंडिंगमोड ही मेथड आहे. नियम कोणता हवा तो एकदा ठरवा, तो स्पष्ट लिहा आणि दोन्ही ठिकाणी तोच फॉरमॅटर वापरा. पूर्वनियोजित नियमावर विसंबून राहू नका, कारण पुढे कोड वाचणाऱ्याला तो दिसत नाही.

मूळसंकेत

शेषभाग यांच्याशी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. हाफ इव्हन हा नियम पूर्वनियोजित ठेवण्यामागे कारण आहे. पुष्कळ संख्या पूर्णांकात आणून त्यांची बेरीज किंवा सरासरी काढली, तर हाफ अपमध्ये मध्यावरचा प्रत्येक आकडा वरच ढकलला जातो आणि बेरीज हळूहळू फुगत जाते. हाफ इव्हनमध्ये काही वर जातात, काही खाली, आणि फुगवटा राहत नाही. म्हणून धागाकर्त्यांनी वेबपानाचा नियम कायम ठेवून ईमेल बदलावी असे माझे मत आहे.

शेषभाग

आपला मुद्दा बेरजेसाठी योग्य आहे, पण इथे फॉरमॅट केलेल्या आकड्यांची बेरीज कोणी करू नये हेच मुळात अपेक्षित आहे. बेरीज, सरासरी, तुलना हे सगळे मूळ गुणोत्तरावर व्हावे आणि फॉरमॅट ही सर्वांत शेवटची, केवळ माणसाच्या डोळ्यांसाठी केलेली पायरी असावी. ते पाळले, तर हाफ इव्हनचा फायदा इथे उरत नाही. उलट १२.५ चे १२ झालेले पाहून वाचणाऱ्याला ती चूक वाटते आणि तो तुम्हाला ईमेल करतो. माझ्या अनुभवात माणसांसाठी दाखवायच्या टक्केवारीला हाफ अप बरा पडतो. अर्थात, दोनच भाग दाखवायचे असतील तर दुसरा भाग १०० मधून वजा करून काढावा, म्हणजे १०१ चा प्रश्नच येणार नाही.

दशांश

मी तुमच्या सांगण्याप्रमाणे लगेच करून पाहिले आणि गोंधळलो. फॉरमॅटरवर हाफ अप लावला, त्याला ०.२८५ दिले. २८.५ चे २९ व्हायला हवे होते, पण २८% छापले गेले. नियम लागू होत नाही का?

शेषभाग

नियम लागू होतो आहे. त्याच्यापर्यंत पोहोचलेली संख्या २८.५ नाही.

डबल, म्हणजे दशांश संख्या द्विमान पद्धतीत साठवणाऱ्या प्रकारात, ०.२८५ तंतोतंत बसत नाही. त्याच्या जागी ०.२८५ पेक्षा अगदी किंचित लहान अशी संख्या साठवली जाते. टक्केवारीचा फॉरमॅटर तिला १०० ने गुणतो आणि हाती येतात २८.४९९९९९९९९९९९९९६. ही संख्या मध्याच्या खाली आहे, म्हणून हाफ अप तिला २८ कडे नेतो, आणि ते बरोबरच आहे. याचीच दुसरी, जास्त घातक बाजू अशी की ०.२९ ला १०० ने गुणले तर २८.९९९९९९९९९९९९९९६ येतात. काही जण टक्केवारी काढायला १०० ने गुणून थेट इंटमध्ये (पूर्ण संख्यांच्या प्रकारात) कास्ट करतात, म्हणजे प्रकार बदलतात. कास्ट दशांश भाग छाटून टाकतो, राउंडिंग करत नाही, त्यामुळे २९% च्या जागी पडद्यावर २८% दिसतात. तुमच्या कोडमध्ये असा कास्ट कुठे असेल तर आजच शोधून काढा.

याच विषयात एक जुनी नोंदही सांगण्यासारखी आहे. जावा ७ पर्यंत डेसिमलफॉरमॅटमध्येच अशा मध्याजवळच्या संख्यांबाबत दोष होता. ०.८०५५ ही संख्या डबलमध्ये ०.८०५४९९९९… अशी असते, म्हणून तीन दशांश स्थळांपर्यंत तिचे ०.८०५ व्हायला हवेत, पण जावा ७ मध्ये ०.८०६ छापले जात. २०१४ मध्ये आलेल्या जावा ८ ने ते दुरुस्त केले, आणि जुन्या उत्तरांवर आधारलेल्या अनेक चाचण्या त्या वेळी लाल झाल्या, म्हणजे फसल्या. त्यामुळे कुठे जुन्या चर्चेत ‘माझ्याकडे वेगळे उत्तर येते’ असे वाचलेत, तर आधी आवृत्ती पाहा.

अचूक उत्तर हवे असेल तर बिगडेसिमल (दशांश संख्या तंतोतंत साठवणारा क्लास) वापरा, पण तो कसा तयार करता यालाही महत्त्व आहे. बिगडेसिमलच्या कन्स्ट्रक्टरला थेट डबल ०.२८५ दिला तर डबलमधली किंचित लहान संख्या शेपटासकट आत येते. मजकूर म्हणून “०.२८५” दिला किंवा बिगडेसिमल.व्हॅल्यूऑफ वापरले, तर स्वच्छ ०.२८५ मिळते. त्यावर हाफ अप लावला की २९% येतात.

धागाकर्त्यांच्या बाबतीत तर डबलची गरजच नाही, कारण त्यांच्याकडे मुळात दोन पूर्ण संख्या आहेत: यशस्वी किती आणि एकूण किती. मी असे करीन: यशस्वी संख्येचा बिगडेसिमल घ्यायचा, आधी १०० ने गुणायचे, मग एकूण संख्येने भागायचे, आणि भागतानाच किती दशांश स्थळे व कोणता नियम ते द्यायचे. भागताना ते दिले नाही आणि भागाकार संपणारा नसेल, उदाहरणार्थ १ भागिले ३, तर अरिथमेटिकएक्सेप्शन, म्हणजे गणितात चूक झाल्याचा इशारा, उडते.

इथे एक सापळा आहे ज्यात मी स्वतः पडलो होतो. मी गुणोत्तर आधी चार स्थळांपर्यंत हाफ अपने काढत होतो आणि मग टक्केवारीचा फॉरमॅटर त्याचे पुन्हा पूर्णांकात राउंडिंग करत होता. ६२५० पैकी ७८१ घ्या. खरे गुणोत्तर ०.१२४९६ आहे, म्हणजे १२.४९६%, पूर्णांकात १२%. पण चार स्थळांपर्यंत ते ०.१२५० होते, आणि मग हाफ अप त्याचे १३% करतो. दोनदा राउंडिंग केले की खाली जायची संख्या वर जाऊ शकते. राउंडिंग एकदाच व्हावे, आणि तेही दाखवायच्या स्थळांवर.

मूळसंकेत

नवशिक्यांसाठी अगदी प्राथमिक, तरीही दर महिन्याला कुणाच्या तरी कोडमध्ये सापडणाऱ्या तीन गोष्टी लिहून ठेवतो.

७ आणि ८ हे दोन्ही इंट असतील तर ७ भागिले ८ चे उत्तर ० येते आणि पडद्यावर ०% दिसते. भागण्यापूर्वी एकाला डबल करायला हवे. भागून झाल्यावर उत्तर कंसात घालून डबल केले तर काहीच उपयोग नाही, कारण तोवर अपूर्णांक गेलेला असतो.

टक्केवारीचा फॉरमॅटर स्वतः १०० ने गुणतो. तुमच्या डेटाबेसमध्ये आधीच २५ असे साठवले असेल आणि ते तसेच दिले, तर २,५००% छापले जातात. अशा वेळी संख्येला १०० ने भागा, किंवा डेसिमलफॉरमॅटवर सेटमल्टिप्लायर वापरून गुणक १ करा. स्वतःचा नमुना लिहिणार असाल, म्हणजे ‘०.००%’ सारखा (नमुन्यातले शून्य इंग्रजी अंकांतलेच हवे), तरी टक्केचिन्ह दिसताच तोही १०० ने गुणतो. नुसते चिन्ह हवे आणि गुणाकार नको असेल, तर नमुन्यात ते चिन्ह एकेरी अवतरणात ठेवावे लागते. मी चलांची नावेच अशी ठेवतो की ० ते १ मधल्या संख्येला ‘रेशो’ आणि ० ते १०० मधल्या संख्येला ‘पर्सेंट’ म्हणायचे; एवढ्याने निम्म्या चुका टळतात.

एकूण संख्या शून्य असेल तर काय दाखवायचे हे आधी ठरवा. इंटमध्ये शून्याने भागले तर एक्सेप्शन येते, निदान कळते तरी. डबलमध्ये ० भागिले ० चे उत्तर ‘नॅन’ (नॉट अ नंबर, म्हणजे संख्याच नाही) येते आणि फॉरमॅटर ते निमूटपणे छापतो, तेही टक्केचिन्हाशिवाय, कारण ‘नॅन’ ही एकच किंमत अशी आहे जिला मागचे-पुढचे चिन्ह लागत नाही. जावा ८ मध्ये त्या जागी प्रश्नचिन्हाचा चौकोन दिसत असे. एकही चाचणी चालली नाही, याचा अर्थ ०% यशस्वी असा होत नाही आणि १००% असाही होत नाही. तिथे सरळ ‘चाचणी नाही’ असे शब्द लिहा.

अर्धविराम

सर्वांचे मनापासून आभार. इंट भागाकाराची चूक आमच्याकडे नव्हती, पण शून्याने भागण्याची होती, आणि ‘नॅन’ असलेली एक ईमेल गेल्या महिन्यात खरोखरच गेली होती, हे आता शोधल्यावर सापडले.

सामायिक मेथड लिहिली आणि लगेच नवीन अडचण आली. आमचे पान जर्मन भाषेतही दिसते. जर्मनसाठी ‘८८ %’ असे येईल, मध्ये एक मोकळी जागा, असे गृहीत धरून चाचणी लिहिली. चाचणी फसते. अपेक्षित आणि प्रत्यक्ष असे दोन्ही मजकूर पडद्यावर शेजारी शेजारी ठेवले आहेत, अक्षरन् अक्षर तपासले, काहीही फरक दिसत नाही. शिवाय एका जुन्या सर्व्हरवर हाच कोड मोकळी जागा न सोडता छापतो.

सततचाचणी

फरक आहे, पण डोळ्यांना दिसणार नाही. त्या मजकुरातल्या प्रत्येक अक्षराचा अंकी क्रमांक लूप लावून छापा. तुमच्या अपेक्षित मजकुरात ३२ क्रमांक येईल, साध्या मोकळ्या जागेचा. प्रत्यक्ष मजकुरात त्याच ठिकाणी १६० येईल. ती न तुटणारी मोकळी जागा आहे, म्हणजे ओळीच्या शेवटी संख्या वर आणि टक्केचिन्ह खाली असे होऊ नये म्हणून वापरले जाणारे अक्षर. पानावर ते योग्यच आहे, चाचणीत मात्र तेच अक्षर स्पष्ट लिहायला हवे.

जुन्या सर्व्हरचे कारणही यातच आहे. जावा ८ पर्यंत प्रत्येक भाषेच्या लेखनपद्धतीची माहिती जावाची स्वतःची होती आणि तिच्यात जर्मन टक्केचिन्ह संख्येला चिकटून होते. सप्टेंबर २०१७ मध्ये आलेल्या जावा ९ पासून युनिकोडच्या (सर्व लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारे मानक) सीएलडीआर या भाषांच्या लेखनपद्धतींच्या सामायिक भांडारातली माहिती पूर्वनियोजित झाली. काही काळ सुरू करतानाच एक पर्याय देऊन जुनी माहिती परत आणता येत असे, पण जावा २३ मध्ये ती काढूनच टाकली आहे, तेव्हा त्या पर्यायावर नवीन काही उभारू नका.

आता जरा विस्ताराने लिहितो, कारण टक्केवारी म्हणजे ‘संख्या आणि तिच्या मागे एक चिन्ह’ ही समजूतच इथे तुटते. तुर्की भाषेत चिन्ह संख्येच्या आधी येते. अरबीसाठी युनिकोडमध्ये टक्क्याचे वेगळे चिन्हच आहे. जर्मनमध्ये दशांशासाठी बिंदू नसून स्वल्पविराम असतो. मराठी लोकेल (भाषा आणि प्रदेशाची निवड) दिले तर नव्या आवृत्त्यांत देवनागरी अंक छापले जातात, कारण भांडारात मराठीसाठी तेच अंक पूर्वनियोजित आहेत. पानावर ते छानच दिसतात, पण तोच मजकूर पुढे एखाद्या प्रोग्रामला वाचायला दिला आणि त्याला फक्त इंग्रजी अंकांची अपेक्षा असली, तर तो कोलमडतो. मराठी लोकेल ठेवून इंग्रजी अंक हवे असतील, तर लोकेलच्या टॅगला अंकपद्धतीचा युनिकोड विस्तार जोडता येतो.

या सगळ्यावरून स्ट्रिंग.फॉरमॅटची मर्यादा लक्षात येईल. तो दशांशचिन्ह लोकेलप्रमाणे बदलतो, पण टक्केचिन्ह तुम्ही जिथे लिहिले तिथेच राहते. म्हणजे तुर्कीसाठी ते चुकीच्या जागी पडते. दुसरी मर्यादा अशी की शेवटी दोनऐवजी एकच टक्केचिन्ह लिहिले तर कंपायलर काही बोलत नाही आणि चालताना अननोनफॉरमॅटकन्व्हर्जनएक्सेप्शन येते.

माझा नियम असा आहे: माणसाला दाखवायचे असेल तर लोकेल नेहमी स्वतः द्यावे, सर्व्हरच्या पूर्वनियोजित लोकेलवर सोडू नये, आणि यंत्राला द्यायचे असेल, म्हणजे फाइल, लॉग किंवा दुसरी सेवा, तर टक्केवारी फॉरमॅट करूच नये, गुणोत्तर तसेच पाठवावे.

दशांश

उलट दिशेचे काय? आमच्या फॉर्ममध्ये वापरकर्ता टक्केवारी लिहितो. कुणी ‘२५%’ लिहितो, कुणी ‘२५’, कुणी मध्ये मोकळी जागा सोडतो.

सततचाचणी

टक्केवारीच्या फॉरमॅटरची मजकुरातून संख्या वाचणारी पार्स मेथड अमेरिकन इंग्रजी लोकेलमध्ये ‘२५%’ चे ०.२५ परत देते, पण नुसते ‘२५’ दिले की चिन्ह नाही म्हणून पार्सएक्सेप्शन टाकते. मोकळी जागा सोडून लिहिलेल्या ‘२५ %’ चीही तीच गत होते. उलट ‘२५%कखग’ ती खुशाल स्वीकारते, कारण सुरुवातीचा भाग जुळला की तिचे काम झाले. पुढे काय उरले ते पाहायचे असेल तर पार्सपोझिशन देऊन किती अक्षरे वाचली गेली ते तपासावे लागते.

वापरकर्त्याला टक्केचिन्ह लिहायला लावूच नका. चिन्ह चौकटीच्या बाहेर छापा, चौकटीत फक्त संख्या घ्या, ती साध्या संख्येच्या फॉरमॅटरने वाचा आणि १०० ने भागा. डेसिमलफॉरमॅटवर सेटपार्सबिगडेसिमल चालू केले तर वाचतानाही डबलचा शेपटा लागत नाही.

मूळसंकेत

सामायिक मेथड म्हटल्यावर एक धोका सांगितलाच पाहिजे. पुष्कळ जण फॉरमॅटर दर वेळी नवीन करायला नको म्हणून तो स्टॅटिक फायनल (सगळ्यांसाठी मिळून एकच) करून क्लासच्या डोक्यावर ठेवतात. नंबरफॉरमॅट अनेक थ्रेडनी (प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या कामांनी) एकाच वेळी वापरण्यासाठी सुरक्षित नाही. फॉरमॅट करताना तो स्वतःच्या आत अंकांची यादी तात्पुरती ठेवतो, आणि दोन थ्रेड एकदम आत शिरले तर एकाचे अंक दुसऱ्याच्या उत्तरात मिसळतात.

मी एका जुन्या प्रकल्पात हे प्रत्यक्ष पाहिले आहे. दिवसभर सगळे ठीक चालत असे आणि महिनाअखेरीला, एकाच वेळी पुष्कळ लोक अहवाल उघडत तेव्हा, कधीतरी एखाद्या ओळीत अशक्य टक्केवारी येई. पान पुन्हा उघडले की आकडा बरोबर. आम्ही तीन आठवडे डेटाबेसवर संशय घेत राहिलो. एक्सेप्शन नाही, लॉगमध्ये काही नाही, विकासकाच्या यंत्रावर कधीच घडत नाही.

अंतिम उपाय एका ओळीचा होता: फॉरमॅटर मेथडच्या आत दर वेळी नवीन घ्यायचा. आमच्या पानांवर त्याचा वेळेवर जाणवण्याजोगा परिणाम झाला नाही. लाखो ओळी फॉरमॅट करायच्या असतील तर थ्रेडलोकल (प्रत्येक थ्रेडला स्वतःचा फॉरमॅटर) वापरा.

शेषभाग

धागाकर्त्यांच्या मूळ विषयाकडे पुन्हा येतो, कारण चाचण्यांच्या टक्केवारीत एक गोष्ट राउंडिंगच्या नियमापेक्षाही महत्त्वाची आहे. २५० चाचण्यांपैकी १ फसली तर यशस्वी ९९.६% होतात. पूर्णांकात दाखवले की पानावर ‘यशस्वी १००%, अयशस्वी ०%’ असे येते. हाफ अप असो वा हाफ इव्हन, उत्तर तेच. सकाळी ईमेल वाचणारा माणूस ते पाहून निश्चिंत होतो आणि फसलेली चाचणी तशीच राहते. इथे जवळची संख्या दाखवणे म्हणजे चुकीची माहिती देणे आहे.

म्हणून ‘पूर्ण झाले’ असा अर्थ जिथे निघतो तिथे मी राउंडिंगमोड.डाउन (उरलेला दशांश भाग छाटणारा नियम) वापरतो. १००% फक्त तेव्हाच दिसावेत जेव्हा खरोखर सगळे झाले असेल. फसलेल्यांची टक्केवारी १०० मधून वजा करून काढली की ती आपोआप वर जाते आणि शून्य कधीच खोटे दिसत नाही.

कालच्या तुलनेत बदल दाखवणारा रकाना असेल तर आणखी दोन गोष्टी पाहा. बदल उणे ०.००१ इतका लहान असेल तर फॉरमॅटर ‘-०%’ छापतो. आधी बिगडेसिमलमध्ये राउंडिंग करून मग ती संख्या फॉरमॅटरला दिली तर उणे चिन्ह जाते, कारण बिगडेसिमलमध्ये उणे शून्य नसते. आणि ८०% वरून ८४% झाले तर फरक ४ टक्केबिंदूंचा (पर्सेंटेज पॉइंट) आहे, पण मूळ ८० च्या तुलनेत वाढ ५% आहे. रकान्याच्या शीर्षकात यांपैकी काय दाखवले आहे ते शब्दांत लिहा, कारण टक्केचिन्हावरून ते कळत नाही.

तीन किंवा अधिक भाग (यशस्वी, अयशस्वी, वगळलेल्या) दाखवायचे असतील आणि बेरीज १०० च हवी असेल, तर सगळ्यांना आधी खाली आणा, किती कमी पडले ते मोजा, आणि ज्यांचा कापलेला दशांश भाग सर्वांत मोठा होता त्यांना एकेक वाढवून द्या. तीन समान भागांत एकाला ३४ मिळतील, हे थोडे अन्यायाचे आहे, पण बेरीज जुळते. ते पटत नसेल तर एक दशांश स्थळ वाढवा आणि बेरजेत किंचित फरक राहील असे पानाच्या तळाशी नमूद करा.

अर्धविराम

काय केले ते लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणाला उपयोग होईल.

सामायिक मेथड आता गुणोत्तर घेतच नाही. तिला यशस्वी संख्या, एकूण संख्या आणि लोकेल अशा तीन गोष्टी लागतात. एकूण शून्य असेल तर ती ‘चाचणी नाही’ हा मजकूर देते. नसेल तर बिगडेसिमलमध्ये १०० ने गुणून, एका दशांश स्थळापर्यंत, डाउन नियमाने भागते. अयशस्वी टक्केवारी १०० मधून वजा होते. मग दोन्ही आकडे त्याच मेथडमध्ये नव्याने घेतलेल्या, गुणक १ केलेल्या आणि किमान व कमाल दशांश स्थळे १ ठेवलेल्या टक्केवारीच्या फॉरमॅटरकडे जातात. स्ट्रिंग.फॉरमॅट ईमेलच्या कोडमधून पूर्ण काढला.

८ पैकी ७ चे आता दोन्हीकडे ८७.५% आणि १२.५% दिसतात. २५० पैकी २४९ चे ९९.६% आणि ०.४%. मुद्दाम २००० पैकी १९९९ देऊन पाहिले, तर ९९.९% आणि ०.१% आले, खरे अयशस्वी ०.०५% आहेत, पण शून्य दिसण्यापेक्षा हे आम्हाला चालणार आहे, आणि टक्केवारीच्या शेजारी आता ‘२००० पैकी १९९९’ असे मूळ आकडेही छापतो.

जर्मन चाचणीत १६० क्रमांकाचे अक्षर स्पष्ट लिहिल्यावर ती हिरवी झाली. जुना सर्व्हर जावा ८ वरच आहे, तो बदलेपर्यंत ती चाचणी तिथे वगळली आहे. ज्या सहकाऱ्याने १०१ ची बेरीज दाखवून दिली होती त्यांना आज सकाळची ईमेल पाहायला सांगितली. त्यांनी दोन्ही आकड्यांची बेरीज करून पाहिली आणि जुळल्याचे कळवले.